डोळ्यांखालच्या चुण्या

‘अगं, तुझा कन्सीलर फाटलाय.’

शेजारच्या बेसिनपाशी हात धुणारी मुलगी आरशातूनच म्हणाली. ‘मागची चेन उघडी आहे’ असं सांगताना आपण जसा आवाज खाली आणतो, तसाच आवाज काढून. मी वाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांखाली तीन-तीन रेघा. सकाळी साडेसहाला लावलेला कन्सीलर त्या रेघांमध्ये जाऊन बसला होता आणि मधल्या जागेतून माझी खरी, करडी-जांभळी कातडी दिसत होती. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळून तडकतो, तसं काहीतरी. दुपारचे चार वाजले होते आणि माझी शिफ्ट रात्री दहापर्यंत होती.

मी सत्तावीस वर्षांची आहे. त्या दिवशी आरशात माझी आत्या दिसत होती, आणि आत्या एकसष्ट वर्षांची आहे.

त्याच्या महिनाभर आधी एका मीटिंगनंतर मला थांबवून विचारलं गेलं होतं, ‘खूप दमलेली दिसतेस हल्ली. झेपतंय ना सगळं?’ प्रश्न काळजीचा होता, पण पंधरा दिवसांनी एका नव्या कामाच्या यादीत माझं नाव नव्हतं. दोन्हीचा संबंध होता की नाही, मला सिद्ध करता येणार नाही. मी फक्त आठवड्याभरात साडेसहाशे रुपयांचा कन्सीलर घेतला. घरी मात्र मी आधीपासूनच एक स्वस्तातला वापरत होते, आणि तो ऑफिससाठी नव्हताच.

तो बाबांसाठी होता.

मार्च 2024मध्ये बाबांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि भाषा, तिन्ही एकदम गेलं. भाषा जाण्याला मराठीत वाचाघात म्हणतात, हा शब्द मला त्याआधी माहीत नव्हता. त्यांना आपण बोललेलं बरंचसं कळतं, आतमध्ये सांगायचंही असतं, पण शब्द सापडत नाही. त्यांच्याकडे तीन शब्द उरले. ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठमे’. ठमी मी. शिवाय नाट्यगीतं. पाणी हवंय हे त्यांना सांगता येत नाही, पण पद सुरू करून दिलं की अख्खा अंतरा शब्दांसकट म्हणतात. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, असं होतं; गाणं मेंदूत जरा वेगळ्या वाटेने ये-जा करतं. आईला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मग बाहेर येऊन त्यांच्याबरोबर गायली.

घरात आम्ही दोघीच. आईचे गुडघे गेलेले, शिवाय बीपी. म्हणून दिवस आईचा आणि रात्र माझी, अशी वाटणी झाली. बाबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. साडेबारा, अडीच, साडेचार. मधे भांडं द्यायचं. मी रात्री अकराला धायरीत घरी पोचते. हिशोब तुम्हीच करा.

मे महिन्यात कधीतरी, पहाटे साडेचारला त्यांना वळवताना त्यांनी डावा हात वर केला आणि अंगठ्याने माझ्या डोळ्याखाली पुसलं. काजळ पसरलंय असं वाटलं असावं. पुसून काही जाईना, तेव्हा त्यांना कळलं. आणि ते रडायला लागले. स्ट्रोकनंतर रडू लवकर येतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण हे तसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी सकाळी त्यांच्या खोलीत चहा घेऊन जाण्याआधी डोळ्यांखाली कन्सीलर लावायला लागले.

आता मेकअपमधलं मला काय येत होतं? काजळ आणि लिपस्टिक. म्हणजे काहीच नाही. म्हणून मी फोनवर जे दिसेल ते केलं. डोळ्याखाली उलटा त्रिकोण काढायचा, गालापर्यंत. केला. मग वर भरपूर पावडर थापून दहा मिनिटं ठेवायची, याला बेकिंग म्हणतात. ही मूळची रंगमंचावरची, ड्रॅग कलाकारांची युक्ती. प्रखर दिवे, जाड मेकअप आणि दूर बसलेले प्रेक्षक यांच्यासाठीची. आपण ती ट्यूबलाइटखाली, हातभर अंतरावरून बघणाऱ्या माणसांसाठी करतो. माझ्या डोळ्यांखाली आंबोळीच तयार झाली. बोहरी आळीतून प्रायमर आणला, तुळशीबागेतून तीन आकारांचे स्पंज आणले. दुकानदाराने ‘मॅडम, हा लावा, सुरकुती दिसणारच नाही’ म्हणून दिलेला प्रायमर माझ्या पाण्यासारख्या कन्सीलरबरोबर जमेना. दोन्ही मिळून खोडरबराच्या भुग्यासारख्या वळ्या निघायच्या. पुढे कळलं की सिलिकोनचा थर आणि पाण्याचा थर एकमेकांना धरत नाहीत. घरभर पावडर. आईने एकदा विचारलं, ‘रांगोळी सांडली का गं?’

आणि वर पुणं. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या मुलीचा चेहरा म्हणजे स्कार्फमधले दोन डोळे, हे बाहेरगावच्या लोकांना मजेशीर वाटतं. पण तो स्कार्फ कुठे येतो बघा. त्याची वरची कड बरोबर डोळ्याखालच्या हाडावर बसते. धायरी ते खराडी, दीड तास, प्रत्येक सिग्नलला मान वळवताना ती कड घासते. वर हेल्मेट, आत स्वतःचाच गरम श्वास. मी घरून जो काही चेहरा घेऊन निघायचे, तो राजाराम पुलापर्यंतच टिकायचा.

शेवटी एका रात्री, साडेबारा ते अडीचच्या मधल्या वेळेत, मी उपाय बघणं सोडून हे का होतं ते वाचायला घेतलं.

डोळ्याखालची कातडी चेहऱ्यावरची सगळ्यात पातळ. साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबी जवळजवळ नाहीच, थेट डोळ्याभोवतीचा गोल स्नायू. तो स्नायू पापणी मिटवतो, हसतो, ऊन लागलं की आवळतो. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. सोळा तास जागं असलं तर चौदा हजारांच्या वर. (मी वीस तास जागी असते.) म्हणजे आपण एक थर अशा कापडावर देतो, जे दिवसातून हजारो वेळा दुमडणार आहे. त्या जागी तैलग्रंथीही कमी, त्यामुळे ती लवकर कोरडी पडते.

कन्सीलर म्हणजे काय, तर रंगाची बारीक पूड. टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची ऑक्साइडं. ती तेलात, मेणात किंवा सिलिकोनमध्ये कालवलेली. टिकाऊ म्हणवणाऱ्या कन्सीलरमध्ये पटकन उडून जाणारे द्रव असतात. ते उडाले की मागे रंगाचा पापुद्रा राहतो. मग बिघाड दोन तऱ्हेचा. थर ओला राहिला, खाली क्रीम जास्त झालं, दमट हवेत घाम आला, तर तो वाहतो आणि घडीत जाऊन साठतो. पावसाळ्यातला बिघाड हा. आणि थर फार कोरडा नि जाड झाला, तर तो घडीबरोबर वाकू शकत नाही, तडकतो. हा जानेवारीतला आणि एप्रिलमधला. माझं असं व्हायचं की मी पहिल्या बिघाडावर दुसऱ्याचं औषध द्यायचे. रेघ दिसली की पावडर. पावडरने ती रेघ जागच्या जागी पक्की व्हायची, जणू पेन्सिलीवर शाई फिरवली.

हे सगळं कळूनसुद्धा मला हाताला जमत नव्हतं, आणि ज्या माणसाला जमलं असतं तो शेजारच्या खोलीत होता.

बाबा बँकेत होते. पण बँक पाचला सुटायची आणि त्यानंतर ते रंगभूषा करायचे. व्यावसायिक नाही, कुणाचा हातखर्च निघेल असंही नाही. हौशी संस्थांची नाटकं, सोसायटीचा गणपती, शाळांची संमेलनं, आणि ऑगस्ट आला की पुरुषोत्तम. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963पासून पुरुषोत्तम करंडक घेते, कॉलेजांच्या एकांकिकांचा. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात. ज्यांनी तिथल्या आरोळ्या ऐकल्यात त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. मी लहान असताना बाबांच्या मांडीशी बसून तिथल्या मेकअप रूममध्ये वडापाव खाल्लेले आहेत. त्यांचा पत्र्याचा डबा होता, अजून आहे, माळ्यावर. पॅनकेक, ग्रीसपेंटच्या कांड्या, स्पिरिट गम, क्रेपच्या केसांच्या वेण्या, आणि एक चेपलेला ब्रश, ज्याला ते ‘म्हातारा’ म्हणायचे.

म्हातारा, कारण त्या ब्रशाने ते वीस वर्षांच्या पोरांना म्हातारं करायचे. एकांकिकेत एक तरी आजोबा असतोच. बाबा त्या पोराला समोर बसवून म्हणायचे, ‘तोंड आंबट कर.’ पोराने डोळे बारीक करून तोंड आवळलं की चेहऱ्यावर घड्या उमटायच्या. त्या घड्यांमध्ये तपकिरी रेघ, रेघेच्या वरच्या अंगाला फिकट रंग, आणि दोन्ही बोटाने विरवून टाकायचं. ‘सुरकुत्या आपण काढायच्या नसतात,’ ते सांगायचे. ‘त्या जिथे चाळीस वर्षांनी पडणार आहेत, तिथेच त्या आत्ता आहेत. फक्त शोधायच्या.’

म्हणजे मी ज्या रेघा झाकायला धडपडत होते, त्या काढण्यात माझ्या वडिलांची हयात गेली होती.

त्यांची आणखी एक युक्ती होती, ती फार थोड्या वेळा करायचे, कारण लेटेक्स महाग पडायचं. डोळ्याखालची कातडी दोन बोटांनी ताणून धरायची. त्यावर पातळ लेटेक्स स्पंजने टिपायचं, वाळू द्यायचं, पावडर मारायची आणि मग बोटं सोडायची. ताणलेली कातडी जागेवर यायची, पण वरचा पापुद्रा ताणलेल्या मापाचा. त्याला जागा पुरायची नाही आणि तो चुण्या चुण्या व्हायचा. पोरगा क्षणात सत्तरीचा. आम्ही मुलं हे जादूसारखं बघायचो. दोन रात्री वाचून जे माझ्या डोक्यात शिरलं, ते मी सहा वर्षांची असताना पाहिलेलं होतं. कातडी आखडते, थर आखडत नाही. मी आरशासमोर कातडी खेचून, गुळगुळीत करून, त्यावर जाड कन्सीलर वाळवत होते. रोज सकाळी, नेमाने, मी स्वतःला लेटेक्सचा मेकअप करत होते.

बाबांकडून ऐकलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. सगळ्या नाटकवाल्यांना ती पाठ असते. 12 मार्च 1911, मुंबई, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. बालगंधर्व भामिनी होणार होते. त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि त्यांनी प्रयोग केला. लोक ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. बाबा ती सांगून झाल्यावर मात्र एक धंद्याचा प्रश्न विचारायचे: ‘रडून सुजलेल्या डोळ्यांवर रंग कसा चढवला असेल?’ त्यांना तो खरंच पडलेला असायचा. रडल्यावर डोळ्याखालची जागा फुगते, ओलसर राहते, तिथे काही धरत नाही. मग स्वतःच उत्तर द्यायचे की तेव्हाचा उजेड आणि तेव्हाचं अंतर, यांनी सांभाळून घेतलं असेल. नाटकाचा मेकअप शेवटच्या रांगेसाठी असतो. शेवटच्या रांगेतून कुणाच्याही डोळ्याखाली चुणी दिसत नाही.

2011 साली ‘बालगंधर्व’ सिनेमा आला तेव्हा त्यांनी तो तीनदा पाहिला. दोनदा गाण्यांसाठी आणि एकदा फक्त चेहरे बघायला. विक्रम गायकवाडांना त्या रंगभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते, जणू घरातलंच कुणी पास झालं. थिएटरमधून बाहेर पडताना म्हणाले होते, ‘कॅमेरा नाकाशी येऊन बघतो रे बाबा. कठीण आहे.’ आता प्रत्येकाच्या खिशात तो नाकाशी येऊन बघणारा कॅमेरा आहे, आणि ऑफिसच्या कॉलवर आपण दिवसभर स्वतःलाही त्यात बघत असतो. पूर्वीच्या बायका आरशात दिवसातून दोनदा बघत असतील.

तर, तो ऑक्टोबरमधला रविवार. आई तिच्या मावशीकडे पिंपरीला गेली होती. बाबांना एकटं सोडून आरशापाशी जाता येईना, म्हणून मी आरसा आणि सगळं सामान घेऊन त्यांच्या पलंगाजवळच बसले. मैत्रिणीचा साखरपुडा होता, तासाभरात निघायचं होतं; आई तोवर येणार होती. मला वाटलं, आता काय लपवायचं, एखाद्या दिवशी दिसलं तर दिसलं. त्रिकोण काढला. बोटाने घासायला घेतलं.

‘नको,’ बाबा म्हणाले.

मला वाटलं खिडकी नको, पंखा नको. मी उठून पंखा बंद केला.

‘नको. नको. नको.’ डावा हात माझ्याकडे. मग त्यांनी उशीजवळचं ओलं फडकं उचललं, जे मी त्यांचं तोंड पुसायला ठेवते, आणि माझ्या डाव्या डोळ्याखालचं सगळं टिपून काढलं. घासलं नाही, टिपलं. त्यांचा हात थरथरत होता. फडकं टाकून त्यांनी माझ्या पेटीकडे बोट केलं. मी एकेक वस्तू वर धरत गेले. क्रीम? ‘हो.’ मी लावलं. लगेच कन्सीलर उचलला तर ‘नको.’ थांबायचं होतं. किती वेळ? ते सांगता येईना, तेव्हा त्यांनी एक पद सुरू केलं, हळू आवाजात, आणि ते संपेपर्यंत मी बसून राहिले. पाचेक मिनिटं झाली असतील. मग टिशूने वरचं जास्तीचं क्रीम टिपलं.

पुढे त्यांनी माझी लिपस्टिक मागितली. मी हसले. नारिंगी लिपस्टिक, एका लग्नात घेतलेली, कधी न वापरलेली. त्यांनी करंगळीवर तिचा ठिपका घेतला, जेमतेम, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात निळं असतं तिथे टेकवला. आणि मला आठवलं. संमेलनात मुलांना बायकांच्या भूमिका करायच्या असायच्या, तेव्हा दाढीचा निळसर डाग झाकायला बाबा आधी शेंदरी हात द्यायचे. निळ्यावर थेट गोरा रंग लावला की राखाडी होतं. आधी नारिंगीने निळं मारायचं, मग वर कातडीचा रंग अगदी थोडा लागतो. आजकाल ह्याला कलर करेक्टर म्हणतात आणि तो आठशे रुपयांना मिळतो. (लिपस्टिक डोळ्याजवळ रोज वापरू नये, ती त्यासाठी बनवलेली नसते. मी नंतर साधा पीच रंगाचा करेक्टर आणला.)

मग कन्सीलर. मी नेहमीसारखी कांडी फिरवायला गेले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. कपाळावर आठी. ओठ हलत होते, शब्द शोधताना त्यांचा जबडा असा एका बाजूला जातो. मी वाट बघायला शिकले आहे. आपण शब्द पुरवायचा नाही, असं थेरपिस्टनी बजावलंय. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

‘जास्त,’ बाबा म्हणाले.

सात महिन्यांत चौथा शब्द. मी ओरडलेच, ‘काय म्हणालात?’ तर ते वैतागून पुन्हा, ‘जास्त! जास्त!’ आणि माझ्या हातातल्या कांडीकडे बोट. मी रडायच्या बेतात आणि ते मात्र मेकअप रूममध्ये वेळ चाललाय अशा चेहऱ्याने.

त्यांनी स्वतःच्या हाताच्या पाठीवर कन्सीलर पुसून घेतला आणि अनामिकेच्या टोकावर मसुराच्या डाळीएवढा घेतला. अनामिका, कारण ते बोट जोर देत नाही. आतल्या कोपऱ्यात एक, बाहेरच्या टोकाला एक, मधे काहीच नाही. काही क्षण तसंच राहू दिलं. मग टपटप, टपटप, कडा विरेपर्यंत. डोळ्याच्या अगदी खाली, पापणीच्या मुळाशी, जिथे सगळ्यात जास्त घड्या पडतात, तिथे त्यांनी रंग नेलाच नाही. कातडी कुठे ताणली नाही.

आणि मग त्यांनी स्वतःचं तोंड आंबट केलं. अर्धंच झालं, डावीकडचं. मी समजले. मीही केलं. घड्या उमटल्या आणि त्यांनी कोऱ्या बोटाने त्या घड्यांत साठलेला रंग हलकेच उचलून घेतला. शोधायच्या, असं तेच म्हणायचे. आज उलट्या कामासाठी शोधत होते. छताकडे बोट केलं, मी वर बघितलं, आणि तेवढ्यात ब्रशावरची पावडर झटकून, उरलेली जेमतेम, दाबून टेकवली. ब्रश फिरवला नाही. बस.

एका डोळ्याला वीस मिनिटं लागली. हात खाली पडला, ते थकले, डोळे मिटले. उजवा डोळा राहिला.

आई आली तेव्हा मी तिला काय झालं ते सांगितलं. ती आधी ‘जास्त’वर अडली. ‘एवढे शब्द सोडून हा?’ ती म्हणाली. ‘चाळीस वर्षं मला हाच ऐकवलाय. मीठ जास्त, साखर जास्त.’ मग तिने माझी हनुवटी धरून दोन्ही डोळे आळीपाळीने पाहिले.

उजवा मी घाईत माझा मीच केला, त्यांच्यासारखा करायचा प्रयत्न करून. साखरपुड्याहून रात्री दहाला परतले, आरशात पाहिलं. उजवीकडे दोन स्पष्ट रेघा. डावीकडे आतल्या कोपऱ्याशी एक बारीक, केसाएवढी. ती जाणारच नाही, आणि जाऊही नये. ती हसण्याची आहे, आणि मैत्रिणीचा नवरा विनोदी निघाला होता.

तेव्हापासून मी साधारण तेच करते. चार वाजता रेघ दिसलीच तर पावडर नाही. स्वच्छ अनामिकेने ती टपटप करून मोडायची, फारच कोरडं वाटलं तर बोटाला क्रीमचा नुसता ओलावा. स्कार्फ मी आता नाकाच्या खालून बांधते आणि वर मोठे गॉगल. ऊनही कमी लागतं, डोळे कमी आवळतात. कन्सीलरची ती साडेसहाशेची बाटली सहा महिने झाले तरी संपत नाहीये. काळी वर्तुळं अर्थातच आहेत. काही झोपेची, काही आजीकडून आलेली. आमच्या घराण्यात ती सगळ्यांना आहेत, बाबांनाही. कुठलाही रंग लावला तरी खोलगट जागेची सावली राहतेच. ऑफिसमध्ये मी डिसेंबरमध्ये स्वतः जाऊन घरी काय चाललंय ते सांगितलं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळालं. यादीत नाव अजून नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या रविवारी लगेच कळली नाही, दोन-तीन दिवसांनी भाजी निवडताना लक्षात आली. ज्या माणसाने चाळीस वर्षं पोरांच्या चेहऱ्यावर रंग चढवला, त्याला मे महिन्यातल्या त्या पहिल्याच सकाळी चहाच्या कपामागे कन्सीलर दिसला नसेल? वाईट लावलेला, राखाडी पडलेला, त्रिकोणी? पाच महिने ते तो बघत होते. बोलायला शब्द नव्हते म्हणून गप्प होते, की मी झाकतेय तर झाकू दे म्हणून, हे विचारायची सोय नाही. ‘हो’ आणि ‘नको’त बसेल असा तो प्रश्न नाही.

सकाळी मी आता चहा नेते तेव्हा तोंड नुसतं धुतलेलं असतं. मेकअप अकरा वाजता, निघायच्या आधी, त्यांच्यासमोर. ते बघतात, मधेच ‘जास्त’ म्हणतात, बऱ्याचदा बरोबर असतं.

काल रात्री अडीचला वळवायला गेले तर जागेच होते. मी दिवा लावला. त्यांनी नेहमीसारखा अंगठा माझ्या डोळ्याखाली टेकवला, मग मूठ वळून उघडली आणि भुवई उंचावली. किती, असं. मी खरं ते सांगितलं. तीन बोटं दाखवली आणि चौथं अर्धं दुमडून. साडेतीन तास. त्यांनी ‘हो’ म्हटलं. मग डाव्या हाताने पलंगाची कड धरून, मी हात लावायच्या आत, स्वतःच कुशीवर वळायला लागले.